मापसाहेबांचा पाय

मापसाहेबांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं. फक्त कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं.

यात त्यांचा स्वभाव थोडा आणि नोकरी जास्त कारणीभूत होती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते अठ्ठावीस वर्षं निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, काटे तपासायचे, मापं भरून बघायची. काटा अगदी बिनचूक निघाला तरी अहवालावर शेरा मारायचा तो ‘चूक मर्यादेत’. खात्याच्या लेखी जगात बरोबर असं काही नसतंच. काही चुका मर्यादेत असतात, काही मर्यादेबाहेर. हे तत्त्वज्ञान मापसाहेब रोज संध्याकाळी पिशवीतून घरी आणत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने हौसेने पडदे शिवले आणि कसे दिसतात म्हणून विचारलं. मापसाहेबांनी खिशातली स्टीलची टेप काढली, गुडघ्यावर बसून दोन्ही पडदे मोजले आणि म्हणाले, डावा पाव इंच तोकडा आहे, पण मर्यादेत. हे कौतुक होतं हे समजायला बायकोला चार वर्षं लागली. तिथून पुढे संसार सुरळीत झाला.

तो अडला एका चिठ्ठीशी.

मापसाहेबांची बायको इस्पितळात नर्स. सव्वीस वर्षं वॉर्डात उभं राहून राहून गुडघ्यांनी संप पुकारलेला. अशात इस्पितळाने एक नवी जागा काढली. घरी गेलेल्या रुग्णांकडे जायचं, त्यांची मलमपट्टी बघायची, इंजेक्शनं द्यायची. फिरायला इस्पितळाची गाडी, त्यामुळे उभं राहणं निम्म्यावर. जागा तिलाच द्यायचं वरच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवूनही टाकलं होतं. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत गाडी चालवण्याचा परवाना हवा. बायको दोनदा परीक्षेला बसली, दोनदा नापास झाली. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच शेरा होता: ‘कारण नसताना ब्रेक’. तिसरी परीक्षा येत्या शुक्रवारी होती. तीही गेली तर जागा दुसरीला, आणि हिने पुन्हा वॉर्डात उभं राहायचं, निवृत्तीपर्यंत.

दुसरी चिठ्ठी तिने घडी करून गुडघ्यांना लावायच्या तेलाच्या बाटलीखाली, पहिलीच्या जोडीला ठेवली. मापसाहेबांना वाटलं, अशा वेळी नवऱ्याने धीर द्यावा. ते म्हणाले, “पहिल्या वेळी सात वेळा ब्रेक मारलास, या वेळी पाच. म्हणजे एकोणतीस टक्के सुधारणा आहे.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून एका झाकणाचा आवाज आला. झाकणं आपोआप तशी वाजत नाहीत, हे मापसाहेबांना अनुभवाने ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्ती त्यांनी फक्त पगारापुरती मान्य केली होती. अख्ख्या इमारतीला त्या चौथीचा वर्ग समजत. मापसाहेबांची अडचण त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतली आणि निदान केलं: साहेबांना प्रोत्साहन देता येत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ पुरुषांना येत नाही. ते सरावाने येतं. मात्र सराव आधी परक्यांवर करावा, घरचं माणूस म्हणजे थेट वार्षिक परीक्षा.

मग त्यांनी मापसाहेबांना वही उघडायला लावली आणि उपाय सांगितले. रोज एका माणसाला तरी चांगलं म्हणायचं. म्हणायचं ते नेमकं, मोघम नको. जमलं तर लिहून द्यायचं, लिहिलेलं माणूस जपून ठेवतं. आणि काहीच सुचलं नाही तर नुसतं जवळ बसायचं. हा शेवटचा उपाय मापसाहेबांनी उतरून घेतला नाही. नुसतं बसण्यात करण्यासारखं काय आहे, आणि ते कोणत्या रकान्यात भरायचं? वहीत त्यांनी तोवर चार रकाने आखलेही होते: दिनांक, व्यक्ती, कौतुक, परिणाम.

सोमवारी सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे कॅशियर भेटले. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून बासरी शिकत होते. तीन वर्षं एकच ओळ चालली होती आणि ती दर वेळी त्याच जागी ठेच खाऊन थांबायची. इमारतीने त्याकडे, आजारी माणसाच्या खोकल्याकडे करतात तसं, शहाणपणाने दुर्लक्ष केलं होतं. मापसाहेब थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले की तुमची ती ओळ हल्ली ठेच लागण्याआधी बरीच लांब जाते. कॅशियरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगळवारी सकाळी सहा वाजता ते खुर्ची घेऊन मापसाहेबांच्या दाराबाहेर येऊन बसले होते. उभ्या इमारतीत सुरांचा कान असलेला एकच माणूस आहे, तर त्याच्याजवळच बसून वाजवलेलं बरं, असा त्यांचा विचार. वहीत परिणामाच्या रकान्यात मापसाहेबांनी लिहिलं: ‘अपेक्षेपेक्षा जास्त’.

मंगळवारी संध्याकाळी न्हाव्याची पाळी आली. खुर्चीत बसल्या बसल्या मापसाहेब त्याला म्हणाले की तुझा हात फार धीट आहे, इतका धीट हात नेहमीच्या कापण्यात वाया जातो. नेमकं बोलायचं म्हणजे काय ते त्यांना आता कळायला लागलं होतं. न्हाव्याने हातातली कात्री खाली ठेवली. मग त्याने सांगितलं की गेली दहा वर्षं त्याच्या मनात एक कट आहे, पण गिऱ्हाईकांपैकी कुणाची छाती होत नाही. मापसाहेबांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा दोन्ही कानांच्या वर काहीही उरलं नव्हतं, आणि जे काही होतं ते सगळं मधोमध उभं होतं. घरी बायकोने दार उघडलं, वरून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाली, “वाढतील.” बुधवारी कचेरीत लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. कुठल्याशा ऑपरेशनची तयारी असावी असा समज पसरला होता, आणि एकाने तर रक्तगट सांगून ठेवला.

त्याच मंगळवारी त्यांनी अजून एक कौतुक केलं होतं, तेही फुकटात उरकलं असं समजून. बायकोला गाडी शिकवणारे सर गल्लीच्या तोंडाशी भेटले. देहाने भरभक्कम, बसले की सीट भरून उरत, आणि गुडघे सामावून घेण्यासाठी दर मिनिटाला पाय हलवत. परीक्षेला बायकोच्या शेजारी तेच बसायचे. मापसाहेब त्यांना म्हणाले, “सर, तुमच्या अंगकाठीला या लहान गाड्या शोभत नाहीत. तुम्ही ट्रक शिकवायला हवेत.” पुढे चालताना सरांची छाती दोन बोटं पुढे आली होती. याची नोंद मापसाहेबांनी ‘परिणाम प्रलंबित’ अशी केली.

कचेरीतलं प्रकरण मात्र त्यांच्या चांगलंच अंगाशी आलं. त्यांच्या हाताखाली एक कनिष्ठ निरीक्षिका होत्या. अकरा वर्षं काम करत होत्या, आणि अकरा वर्षं त्यांच्या प्रत्येक अहवालावर मापसाहेबांनी ‘मर्यादेत’ असा शेरा मारला होता. बुधवारी त्यांनी एका दुकानदाराचा काटा नापास केल्याचा अहवाल आणून ठेवला. काट्याच्या पोटात चिकटवलेलं शिशाचं बटन त्यांनी शोधून काढलं होतं. मापसाहेबांना बाईंचा ‘लिहून द्यायचं’ हा उपाय आठवला. त्यांनी अहवालाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिलं, ‘उत्तम काम’, आणि खाली सही केली. निरीक्षिकाबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग त्या पाठ फिरवून आपल्या टेबलाकडे गेल्या. मापसाहेबांना वाटलं, शेरा आवडला नाही.

नियमाप्रमाणे अहवालाची एक प्रत दुकानदाराला गेली. गुरुवारी सकाळी त्याने ती आडवी कापली. काटा नापास केल्याचा खालचा भाग कुठे गेला ते त्यालाच ठाऊक. वरचा भाग, ‘उत्तम काम’ आणि मापसाहेबांची सही, त्याने काचेच्या चौकटीत बसवून काट्याच्या बरोबर वर टांगला. दुपारपर्यंत खात्यात तक्रारी आल्या. चारच्या सुमाराला अधीक्षकांचा कागद मापसाहेबांच्या टेबलावर होता. ‘उत्तम’ हा शेरा खात्याच्या कोणत्या नियमाखाली दिला, तो देताना कोणतं प्रमाण वापरलं, आणि त्यात चूक किती, याचा खुलासा शुक्रवारी सकाळी दहा वाजता समक्ष करावा. गैरहजर राहिल्यास सेवापुस्तकात नोंद होईल.

मापसाहेबांचं सेवापुस्तक अठ्ठावीस वर्षं कोरं करकरीत होतं. रागावून कुणी लिहिलेलं त्यात काही नव्हतं. खूश होऊन लिहिलेलंही नव्हतं, पण ते सोडा.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. तरी परीक्षेआधीचा शेवटचा सराव करायचा म्हणून रोजच्यासारखे बायकोसोबत घरच्या गाडीत बसले. आपल्या उपायांचं फळ बघायला खालच्या बाईही आल्या आणि मागच्या सीटवर ताठ बसल्या. वर बासरी चालू होती. बायकोने गाडी बाहेर काढली, कोपरा घेतला, आणि समोर चिटपाखरू नसताना करकचून ब्रेक मारला. मग पुन्हा पुढच्या वळणावर. मग पुन्हा. मापसाहेब प्रत्येक वेळी मनातल्या मनात आकडा धरत होते आणि एक नेमकं, प्रोत्साहनपर वाक्य शोधत होते.

चक्कर संपवून गाडी अंगणात थांबली तेव्हा बाई मागून म्हणाल्या, “साहेब, जरा पायाखालचं बघा.”

मापसाहेबांच्या पायाखाली रबराची चटई होती आणि तिला, उजव्या टाचेच्या पुढे, रुपयाएवढं भोक पडलं होतं.

“ब्रेक तुमच्या बाजूला नाही,” बाई म्हणाल्या. “तरी तुम्ही तो दाबताय. मी मोजत होते. आधी तुमचा पाय दाबला जातो, मग यांचा. अकराच्या अकरा वेळा.”

बायकोने चटईकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. सरांची शिकवणी झाली की रोज संध्याकाळी, दोन महिने, तिने याच गाडीत, याच पायाशेजारी बसून सराव केला होता. शेजारचा पाय हलला की थांबायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की परीक्षेत सरांनी गुडघे हलवले तरी ती थांबत होती.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “चालवतेय मी, आणि थांबवताय तुम्ही.”

मापसाहेबांना यावर सांगण्यासारखी टक्केवारी सुचली नाही.

बायको मात्र एकदम मोकळी झाली. म्हणजे मला गाडी येते, असं ती दोनदा म्हणाली, एकदा बाईंना आणि एकदा स्टिअरिंगला. उद्या सरांना सांगायचं, पाय हलवू नका, की झालं. तुम्ही तुमच्या खुलाशाला जा. फक्त हा पाय माझ्यापासून लांब ठेवा.

शुक्रवारी सकाळी साडेआठला सरांचा निरोप आला. ते अवजड वाहनं शिकवण्याच्या परीक्षेला दुसऱ्या शहरात गेले होते. साहेबांनी डोळे उघडले, असं त्यांनी मुद्दाम कळवलं होतं, आणि आभारही मानले होते. परीक्षार्थीच्या शेजारी परवाना असलेला माणूस बसलाच पाहिजे, नाहीतर परीक्षा रद्द, असा नियम होता. खालच्या बाईंकडे परवाना नव्हता. कॅशियरांकडे होता, पण तो मुदत संपून सहा वर्षं झालेला. उरला इमारतीतला एकच परवाना, आणि त्याच्याबरोबर येणारा तो पाय.

बायको पलंगावर बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “राहू दे. तुमचा खुलासा आहे.”

मापसाहेबांनी घड्याळ बघितलं. दहा वाजता खुलासा, दहा वाजता परीक्षा. एकीकडे अठ्ठावीस वर्षांचं कोरं सेवापुस्तक होतं. दुसरीकडे तेलाची बाटली होती आणि तिच्याखाली दोन चिठ्ठ्या. ते उठले आणि गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. “चल. पायाचं बघतो मी.”

परीक्षेचं मैदान शहराबाहेर होतं. परीक्षक हडकुळे, हातात फाइल, आणि मागच्या सीटवर बसून पेनाचं टोक टकटक वाजवायची सवय. ते गाडीत बसले आणि पुढच्या सीटकडे बघून क्षणभर टकटक करायचे थांबले. मापसाहेबांनी बूट काढून बाहेर ठेवले होते आणि ते सीटवर मांडी घालून बसले होते. पट्टा बांधलेला, हात मांडीवर, डोक्यावरचे केस उभे. एखाद्या साधूने सरकारी नोकरी धरावी तसे दिसत होते.

“हे काय?” परीक्षकांनी विचारलं.

“यांच्या परीक्षेला माझे पाय लागत नाहीत, साहेब,” मापसाहेब म्हणाले.

परीक्षकांनी फाइलमधलं नियमांचं पुस्तक काढून चाळलं. सोबत्याकडे परवाना असावा, सोबत्याने मद्य घेतलेलं नसावं, सोबत्याने परीक्षार्थीला सूचना देऊ नये, असं सगळं होतं. सोबत्याच्या पायांबद्दल एक अक्षर नव्हतं. नाइलाजाने त्यांनी पुस्तक मिटलं आणि सुरू करायला सांगितलं.

गाडी मैदानातून रस्त्यावर निघाली. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. मापसाहेबांचा उजवा पाय डाव्या मांडीखाली होता, तो तिथल्या तिथे दाबला जात होता. मापसाहेबांच्या मांडीला कळा येत होत्या, पण गाडीला त्याची खबर नव्हती. तिसऱ्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ अचानक फुटपाथवरून खाली उतरले. बायकोने ब्रेक मारला, जेवढा हवा तेवढा, जिथे हवा तिथे. गृहस्थांनी हात करून आभार मानले. मागे पेनाची टकटक झाली नाही.

मग चढ आला, आणि चढाच्या ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं.

मागून एका गाडीने हॉर्न वाजवला. मग दुसऱ्या. बायकोचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले. मापसाहेबांच्या खिशात एक चिठ्ठी होती, तिच्यावर आदल्या संध्याकाळी बाईंकडून तपासून घेतलेली सात प्रोत्साहनपर वाक्यं होती. ती सातही त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

बायकोने समोरून नजर न काढता विचारलं, “आहात ना?”

“बसलोय,” मापसाहेब म्हणाले.

तिने श्वास सोडला. किल्ली फिरवली, इंजिन धरलं, हँडब्रेक सोडला, आणि गाडी एक बोटभरही मागे न जाता वर गेली.

मैदानात परत आल्यावर परीक्षकांनी चिठ्ठी लिहिली, फाडली आणि बायकोच्या हातात दिली. एकच शब्द: ‘योग्य’. बायकोने तो तीनदा वाचला, न जाणो चौथ्यांदा बदलेल म्हणून घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मग डोळ्यांना पदर लावण्याऐवजी गाडी पुसायचं फडकं लावलं, कारण तेच हाताशी होतं.

मापसाहेबांना खाली उतरून तिचं अभिनंदन करायचं होतं. पण उतरायला पाय लागतात आणि त्यांचे दोन्ही पाय केव्हाच गेले होते. शेवटी बायकोने त्यांच्या काखेत हात घालून, वॉर्डात रुग्ण उतरवतात तसं त्यांना उतरवलं आणि मैदानात एक फेरी मारून आणली. मुंग्या येतायत का, असं ती मधूनमधून विचारत होती. येत होत्या. भरपूर येत होत्या. मापसाहेबांना त्या मुंग्यांचंही कौतुक वाटलं.

साडेअकरा वाजता त्यांनी मन घट्ट करून कचेरीत फोन लावला. अधीक्षक म्हणाले, खुलासा झाला. निरीक्षिकाबाई सकाळी नऊलाच त्या दुकानात गेल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी अहवालाचा कापलेला खालचा भाग आपल्याकडच्या कच्च्या प्रतीतून मोठ्याने वाचून दाखवला. दुकानदाराने चौकट स्वतःच्या हाताने खाली काढून दिली. मग दहाच्या ठोक्याला त्या अधीक्षकांसमोर आल्या आणि म्हणाल्या की हा शेरा काट्याला नाही, मला आहे. खोडायचाच असेल तर आधी एक प्रत मला द्या. अकरा वर्षांत पहिला आहे. अधीक्षकांनी प्रत दिली, मूळ कागदावरचं ‘उत्तम’ खोडून ‘मर्यादेत’ केलं, आणि प्रकरण बंद झालं. सेवापुस्तकात काही नोंद नाही.

मापसाहेबांनी जो श्वास सोडला तो अधीक्षकांना तिकडे ऐकू गेला असावा, कारण फोन ठेवायच्या आधी ते जरा अडखळले. मग म्हणाले, तो खुलासा मागवल्याचा कागद त्यांनी स्वतः लिहिला होता. कसा काय वाटला?

“नेमका होता,” मापसाहेब म्हणाले. “विशेषतः ‘त्यात चूक किती’ हा भाग.”

पलीकडून दोनदा ‘आभारी आहे’ आलं, आणि मग फोन ठेवला गेला.

परतताना बायकोनेच गाडी चालवली. मापसाहेब पाय खाली सोडून बसले होते. ते अजून बधिर असल्यामुळे सुरक्षित होते. अंगणात शिरताना वरून बासरी ऐकू आली. ओळ नेहमीच्या जागी आली, ठेचकाळली, आणि ठेच ओलांडून चार सूर पुढे गेली. बायकोने गाडी मागे घेतली, एकदा पुढे केली, आणि भिंतीला लावून उभी केली. मग ती उतरली, कमरेवर हात ठेवून गाडी आणि भिंत यांच्यातल्या फटीकडे बघत उभी राहिली.

मापसाहेबांचा हात सवयीने खिशात गेला. टेपला लागला, आणि तिथेच थांबला.

“छान लावलीस,” ते म्हणाले.

“मोजलं नाहीत?”

“नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“बघून,” मापसाहेब म्हणाले.

जिना चढताना बायको किल्ली बोटाभोवती फिरवत होती, आणि वॉर्डातून येताना ती जिना चढायची तशी कठड्याला धरून चढत नव्हती. ती पहिल्या वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मापसाहेब थांबले. मग इकडेतिकडे बघून ते हळूच वाकले, टेप काढली आणि भिंतीपासून चाकापर्यंत लावली. पुढे नऊ इंच. मागे सव्वानऊ.

“किती भरलं?” जिन्यातून आवाज आला.

टेप खटकन आत गेली.

“मोजलं नाही,” मापसाहेब म्हणाले.